कानस, कटर आणि बाबांचं मशीन: घरच्या वर्कशॉपसाठी मिलिंग मशीन निवडताना

(या भागाचं हे लेखी रूप. बोलताना आले तसेच शब्द शक्यतो ठेवलेत, फक्त माझे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' जरा कमी केलेत.)

आजचा भाग एका व्हॉइस नोटमुळे झालाय. इचलकरंजीचा आपला एक श्रोता आहे, वय बावीस, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये छोटे रोबोट बनवतो. तो विचारतो, "ताई, दीड लाख साठवलेत. मिलिंग मशीन घ्यायचंय. जुनं मोठं घेऊ की नवीन छोटं? आई म्हणते, एवढ्या पैशात टू-व्हीलर येईल."

मित्रा, आईशी वाद घालू नकोस, त्यात मी पडणार नाही. पण मशीनचं बोलू. आणि आपला पॉडकास्ट इतिहासाचा असल्यामुळे उत्तर सरळ मिळणार नाही, दोनशे वर्षांचा वळसा घालून मिळेल.

ज्यांना मिलिंग म्हटलं की पिठाची गिरणी आठवते त्यांच्यासाठी आधी एक वाक्य. लेथवर जॉब फिरतो आणि टूल सरकतं. मिलिंगला उलटं, कटर फिरतो आणि जॉब सरकतो. लेथवर मुख्यतः गोल वस्तू होतात. सपाट पृष्ठभाग, खाचा, चौकोनी खिसे, गिअरचे दाते ही कामं मिलिंगची.

ही व्याख्या माझी नाही, बाबांची आहे. बाबा चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये मिलर होते. एकतीस वर्षं एकाच मशीनवर. एचएमटीचं एफएन-टू, हिरवट रंग, हँडल हात लागून लागून चकचकीत झालेलं. पुढे कारखाना बंद पडला आणि मशीनचा लिलाव निघाला. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. मला वाटलं, बाबांचं मशीन आपण घ्यायचं. किंमत भंगाराच्या भावाच्या जरा वर. आम्ही दोघं बघायला गेलो. बाबांनी टेबलावरून हात फिरवला, एक हँडल अर्धा फेरा फिरवून बघितलं आणि म्हणाले, "आपली फरशी पेलणारे का हे? आणि थ्री फेज कुठून आणणार?" मशीन टनांत मोजायचं, आमचं वर्कशॉप म्हणजे जिन्याखालची खोली. मशीन दुसऱ्याच्या ट्रकमध्ये चढलं आणि आम्ही बसने घरी आलो.

मग मी शहाणपणा केला. एक बेंच ड्रिल घेतलं, त्याखाली दोन्ही दिशांना सरकणारा क्रॉस व्हाइस बसवला, ड्रिल चकमध्ये दहा एमएमचा एंड मिल पकडला. झालं मिलिंग मशीन! ॲल्युमिनियमवर दोन-चार दिवस चाललंसुद्धा. पाचव्या दिवशी लोखंडी पट्टी लावली. कटर बाजूने दाबला गेला, थरथर सुरू झाली आणि अख्खं चक फिरता फिरता खाली निसटलं. कटर फुटला. बाबा शेजारी उभे होते. तुकडा त्यांच्या हातात घुसला. सात टाके पडले.

एकतीस वर्षं मिलिंग केलेल्या माणसाला पहिले टाके माझ्या मशीनमुळे पडले. दवाखान्यातून येताना रिक्षात ते एवढंच म्हणाले, "मशीनला दोष देऊ नको. ते खाली भोक पाडायला केलंय. तू त्याला बाजूला ढकललंस."

आजचा अख्खा भाग या एका वाक्यावर उभा आहे. प्रत्येक मशीन कुणाच्या तरी एका ठरावीक कामासाठी जन्माला येतं. ते काम कोणतं होतं हे कळलं की आपल्याला कोणतं मशीन हवं हेही बरंचसं कळतं. चला तर मग, मागे जाऊ.

कानशीवाल्यांचं जग

साल १८००च्या आसपास. अमेरिकेतलं कनेटिकट राज्य. बंदुकीचा एखादा भाग सपाट करायचा असेल तर उपाय एकच: छिन्नीने तासायचा आणि कानशीने घासायचा. दिवसभर घासायचा. एका बंदुकीचा घोडा दुसऱ्या बंदुकीला बसत नसे, कारण प्रत्येक भाग शेजारच्या भागाला जुळेपर्यंत घासलेला असायचा. लढाईत एक भाग मोडला की कारागीर शोधा.

म्हणून सरकारला हवे होते अदलाबदल करता येणारे भाग. आता अमेरिकेच्या शाळेतल्या पुस्तकांत इथे एलाय व्हिटनी येतो. हा कापसाची सरकी काढणाऱ्या जिनवाला. त्याने १७९८ मध्ये १०,००० बंदुकांचं कंत्राट घेतलं, दोन वर्षांत देतो म्हणाला आणि शेवटची खेप पोचायला १८०९ उजाडलं. (कंत्राटदार तिथलेही सारखेच!) बरीच वर्षं असं सांगितलं जायचं की पहिलं मिलिंग मशीन व्हिटनीनं १८१८ मध्ये बनवलं. त्याच्या कारखान्यातलं एक जुनं मशीन न्यू हेवनला जपूनही ठेवलेलं होतं. पण विसाव्या शतकात अभ्यासकांनी ते मशीन बारकाईने तपासलं, तेव्हा ते १८२७च्या सुमाराचं असावं असा निष्कर्ष निघाला. आणि व्हिटनी वारला १८२५ मध्ये.

मग शोध कुणाचा? एकट्याचा कुणाचाच नाही. मिडलटाउनमध्ये पिस्तुलं बनवणारा सिमियन नॉर्थ होता. त्याने १८१३ मध्ये २०,००० पिस्तुलांचं कंत्राट घेतलं, त्यात भाग अदलाबदल करता येतील अशी अटच होती. हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रागारात जॉन हॉल होता. त्याने १८२०च्या दशकात रायफलचे भाग कापायला अशी फिरत्या कटरची मशीनं ओळीने लावली. आणि ज्यांची नावं कुठेच नाहीत असे मिस्त्री होते. त्यांना फक्त कानशीपासून सुटका हवी होती. पहिली मिलिंग मशीनं म्हणजे खरंतर फिरणारी कानसच. कटरचे दाते बारीक, धार लावणं कटकटीचं.

थरथर

आता व्हरमाँट राज्यातलं विंडसर गाव. तिथे रॉबिन्स अँड लॉरेन्स ही बंदुकांची कंपनी होती आणि तिथे फ्रेडरिक हाऊ नावाचा तरुण इंजिनिअर १८४८च्या सुमारास मिलिंग मशीन बनवत होता. कंपनीच्या रायफली १८५१ मध्ये लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात गेल्या. कुठल्याही रायफलचा भाग कुठल्याही रायफलला बसतोय हे बघून इंग्रज थक्क झाले. त्यांनी १८५४ मध्ये समिती पाठवली आणि एन्फिल्डच्या कारखान्यासाठी अमेरिकेतून मशीनं मागवली, त्यात मिलिंग मशीनंही होती. एन्फिल्ड हे नाव ओळखीचं वाटतंय? बरोबर, इतिहासाच्या पुस्तकात १८५७च्या काडतुसांच्या प्रकरणात येतं तेच.

पण हाऊच्या मशीनला एक रोग होता, जो माझ्या ड्रिललाही होता. थरथर. वर्कशॉपच्या भाषेत चॅटर. कटरचा एक दात आत घुसतो, बाहेर येतो, दुसरा घुसतो. प्रत्येक वेळी मशीनला धक्का बसतो. मशीन लवचीक असेल तर ते स्प्रिंगसारखं मागेपुढे होतं आणि जॉबवर लाटा उमटतात. टेबल सरकवायला रॅक आणि पिनियन होतं, त्यात दात्यांमध्ये मोकळीक. मग हार्टफर्डमध्ये फ्रान्सिस प्रॅटने ही रचना बदलली. टेबलाला रॅकऐवजी स्क्रू दिला. १८५५च्या सुमारास हे मशीन जॉर्ज लिंकनच्या कारखान्यातून बाहेर पडलं आणि 'लिंकन मिलर' म्हणून प्रसिद्ध झालं. बुटकं, जाड, जमिनीला चिकटलेलं. बंदुका, मग शिलाई मशीन, जिथे जिथे एकच भाग हजारोंनी लागतो तिथे ते पोचलं.

इथून घ्यायचा पहिला धडा: मिलिंग मशीनमध्ये तुम्ही मोटर विकत घेत नाही, ओतीव लोखंड विकत घेता. जाहिरातीत वॉट मोठ्या अक्षरांत असतात. तुम्ही आधी किलो बघा.

एका ड्रिलबिटसाठी

माझी सगळ्यात लाडकी गोष्ट आता येतेय. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू आहे. तोच फ्रेडरिक हाऊ आता प्रॉव्हिडन्समध्ये, बंदुका बनवणाऱ्या प्रॉव्हिडन्स टूल कंपनीत आहे. तिथे बारीक भोकं पाडायला पीळदार ड्रिलबिट लागायचे, आज आपण हार्डवेअरच्या दुकानातून आणतो तसे. पण तेव्हा ते पीळ कसे पाडत? कामगार स्टीलच्या तारेवर बारीक गोल कानशीने हाताने घासत बसायचे! एवढ्या मशीनच्या जमान्यात. हाऊला ते बघवेना. तो गेला जोसेफ ब्राउनकडे. ब्राउन अँड शार्प ही कंपनी तेव्हा घड्याळं, मोजपट्ट्या, शिलाई मशीन अशा बारीक कामांसाठी ओळखली जायची.

ब्राउनने युक्ती केली. टेबल पुढे सरकवणाऱ्या स्क्रूलाच गिअर जोडून त्याने जॉब फिरवला. म्हणजे टेबल सरकलं की जॉब आपोआप वळतो आणि कटर सरळ खाच न पाडता पीळदार खाच पाडतो. शिवाय टेबल वर, खाली, आत, बाहेर सरकतं आणि तिरकंही करता येतं. १८६२ मध्ये हे 'युनिव्हर्सल मिलिंग मशीन' विकायला आलं. बनवलं ड्रिलबिटसाठी, आणि लोकांच्या लक्षात आलं की यावर गिअर कापता येतात, रीमर करता येतात, कटरसुद्धा करता येतात. १८६४ मध्ये ब्राउनने असा कटर पेटंट केला की ज्याला पुन्हा पुन्हा धार लावली तरी दात्याचा आकार बदलत नाही. बाबांचं एफएन-टू याच घराण्यातलं. खाली गुडघ्यासारखा वर-खाली होणारा भाग, मागे खांब.

दुसरा धडा: लिंकन मिलर हजार सारखे भाग काढण्यासाठी होतं. ब्राउनचं मशीन एकच, पण विचित्र भाग काढण्यासाठी. तुम्ही घरी काय करता? एकेक आणि विचित्र.

गुडघा, मान आणि डोकं

आता थेट १९३०च्या दशकात. कनेटिकटमधलंच ब्रिजपोर्ट शहर. रुडॉल्फ बॅनो आणि मॅग्नस वॉलस्ट्रॉम असे दोन भागीदार. पॅटर्न आणि मॉडेल बनवायचं छोटं दुकान. ते एक छोटं मिलिंग हेड बनवून विकत होते, दुसऱ्याच्या मशीनवर बसवायला. १९३६ मध्ये बॅनोला सुचलं की या हेडसाठी आपणच एक अंग का करू नये? १९३८ मध्ये पहिलं ब्रिजपोर्ट मशीन बाजारात आलं.

त्यात नवं काय होतं? कटर उभा. डोकं दोन्ही बाजूंना झुकतं. मान पुढे-मागे सरकते आणि गोल फिरते. ड्रिलसारखा लिव्हर ओढून कटर खाली घेता येतो. एकच माणूस एका मशीनवर भोक पाडतो, खाच पाडतो, तिरकं कापतो. जगभरच्या टूलरूममध्ये हे मशीन गेलं, इतकं की त्या आकाराच्या कुठल्याही मशीनला लोक ब्रिजपोर्टच म्हणू लागले, जसं आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो.

आणि एक बारीक गोष्ट, जी मला सात टाक्यांनंतर कळली. ब्रिजपोर्टने आर-एट नावाचा टेपर आणला. कटर धरणारं कोलेट या निमुळत्या भोकात बसतं आणि वरून एक लांब बोल्ट, म्हणजे ड्रॉबार, त्याला आत ओढून धरतो. माझ्या ड्रिलमध्ये चक नुसतं टेपरवर ठोकून बसवलेलं होतं. खालून वर दाब असेपर्यंत ते घट्ट बसतं. बाजूने धक्के बसले की सैल होऊन निसटतं. एका बोल्टचा फरक.

मशीन घरात कसं शिरलं

आतापर्यंत सगळं कारखान्यात चाललंय. घरात छंद म्हणून लोखंड कापणारी माणसं कुठे होती? इंग्लंडमध्ये. १८९८ मध्ये पर्सिव्हल मार्शलने 'मॉडेल इंजिनिअर' हे मासिक सुरू केलं. कारकून, शिक्षक, रेल्वेतले लोक बागेतल्या शेडमध्ये वाफेची छोटी इंजिनं बनवायचे. त्यांच्याकडे लेथ असायचा, मिलिंग मशीन परवडायचं नाही. मग ते कटर लेथच्या चकमध्ये पकडायचे आणि जॉब व्हर्टिकल स्लाइड नावाच्या उभ्या सरकत्या तुकड्यावर बांधायचे. काम हळू व्हायचं, पण लेथचा स्पिंडल बाजूचा जोर सहन करायलाच बनलेला असल्यामुळे जमायचं. पुढे एडगर वेस्टबरी यांच्या डिझाइनवरून डोर-वेस्टबरी मिलिंग मशीनचं किट निघालं. ओतीव भाग घ्या, घरी घासा, जोडा आणि आपलं मशीन आपणच बनवा.

नंतर तैवान आलं. रॉंग फू कंपनीची आरएफ मालिका म्हणजे टेबलावर बसणारं पण बऱ्यापैकी जड मशीन. मग चीन. शांघायच्या सीगचं एक्स-टू, साधारण पन्नास-साठ किलोचं, दोन माणसं उचलून जिन्याने नेतील असं. आज ऑनलाइन दिसणारी बरीच 'मिनी मिल' याच घराण्यातली किंवा त्याची भावंडं.

आणि आपल्याकडे? स्वतंत्र भारताने मशीन बनवणारी मशीनं आपणच करायची ठरवली. १९५३ मध्ये बेंगळुरूला हिंदुस्तान मशीन टूल्स सुरू झाली, १९६१ मध्ये तिथेच जर्मन सहकार्याने भारत फ्रिट्झ वर्नर. ही मशीनं देशाच्या कारखान्यांसाठी होती. जिन्याखालच्या खोलीसाठी कुणी विचार केला नाही, करायची गरजही नव्हती. म्हणून भोसरीत, कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुन्या बाजारात फिरलात तर दोन टोकं दिसतात: एकीकडे टनभराची दणकट जुनी मशीनं, दुसरीकडे आयात केलेली खेळण्याएवढी. मधलं शोधावं लागतं. इचलकरंजीच्या मित्रा, तुझी अडचण इथे आहे.

मग घ्यायचं काय?

आता इतिहासाकडून उत्तर घेऊ. पाच प्रश्न.

एक, काम काय? तुझे रोबोटचे भाग ॲल्युमिनियमचे, तळहाताएवढे. मग पन्नास-साठ किलोचं मशीन पुरेल, कट हलके घ्यावे लागतील एवढंच. रोज लोखंड कापणार असशील तर तीनशे किलोच्या आसपासचं आरएफ-४५ जातीचं मशीन बघ. इंजिनाचे ब्लॉक करायचे असतील तर टनभराचं.

दोन, खांब कसा? काही मशीनचा खांब गोल असतो, स्वस्त पडतो. पण लांब ड्रिल लावायला डोकं वर घेतलं की ते खांबाभोवती फिरतं आणि आधी जुळवलेली जागा हरवते. चौकोनी खांबावर डोकं सरळ वर-खाली जातं. दोन्हींत निवड असेल तर चौकोनी.

तीन, टेपर आणि ड्रॉबार. आर-एट किंवा मोर्स टेपर तीन, काहीही चालेल, पण वरून ओढणारा बोल्ट हवाच. नसेल तर ते ड्रिल आहे, विकणारा काहीही म्हणो.

चार, वेग. हाय स्पीड स्टीलच्या कटरने साध्या लोखंडाला मिनिटाला साधारण २५ मीटरचा वेग धरा. दहा एमएमच्या कटरला हे सुमारे ८०० फेरे होतात, पन्नास एमएमच्या कटरला फक्त १६०च्या आसपास. म्हणजे मशीन किती जोरात फिरतं यापेक्षा किती हळू आणि ताकदीनं फिरतं हे विचारा. ॲल्युमिनियमला मात्र वेग जास्त लागतो.

पाच, वीज आणि फरशी. जुन्या मशीनला बहुतेक थ्री फेज मोटर असते. व्हीएफडी लावून छोटी मोटर घरच्या सिंगल फेजवर चालवता येते, पण जोडणी माहितगार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. आणि वजन जमिनीवरच ठेवा, पहिल्या मजल्यावर नको. जुनं मशीन बघायला गेलात तर टेबलाचं हँडल दोन्ही दिशांना हलवून बघा. टेबल न सरकता हँडल किती मोकळं फिरतं, तेवढी झीज. टेबलाच्या मधोमध आणि टोकाला दोन्हीकडे बघा, कारण आयुष्यभर काम मध्येच झालेलं असतं.

आणि दीड लाखातले सगळे मशीनवर घालू नकोस. चांगला व्हाइस, कोलेट, कटर, डायल गेज, क्लॅम्प, चष्मा. यात निम्मे पैसे सहज जातात. व्हाइस हलला तर मशीन कितीही चांगलं असो, बंदूकवाल्यांच्या कानशीकडे परत.

आमच्याकडे आता काय आहे? चौकोनी खांबाचं, टेबलावर बसणारं, मधल्या वजनाचं एक जुनं मशीन. घेताना मी वॉट वाचत होते, बाबा खाली वाकून खांबावर बोटाने टिचक्या मारत होते. पहिल्या दिवशी मी कटर लावला, ड्रॉबार आवळला, स्विचकडे हात नेला. बाबा म्हणाले, "थांब." पाना घेतला आणि ड्रॉबार स्वतः एकदा तपासला. मग हातावरचा व्रण चोळत एक पाऊल मागे सरकले आणि म्हणाले, "हां. आता चालव."

मित्रा, तू जे घेशील त्याचा फोटो नको पाठवू, आवाज पाठव. पहिल्या कटचा. थरथर नसेल तर मला ऐकूनच कळेल. आणि पहिला भाग आईला दाखव.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत चष्मा घाला, हातमोजे काढा, बाह्या वर करा. फिरत्या कटरजवळ सैल कापड नको. काळजी घ्या.